धुक्यात पडणारा ब्रेकर

इकबालभाई गेल्याचा फोन दापोलीहून आला, तेव्हा मी शारजाच्या आमच्या वर्कशॉपमध्ये होतो. सकाळी दुकान उघडलं, छातीत कळ आली आणि संपलं... त्यांच्या मेहुण्याला याहून जास्त सांगवेना. त्यानंतर महिनाभर इथल्या मंडळींकडून एकच ऐकतोय, "माणूस चांगला, पण हट्टी. एका स्क्रूपायी गल्फची नोकरी घालवली." होते हट्टी. मग? तो हट्ट झाकून त्यांना गोडगोड श्रद्धांजली वाहणं मला जमणार नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघं एका मेंटेनन्स कंपनीत इलेक्ट्रिशियन होतो. ते मुरलेले, मी नवखा, खोली एकच. त्या हिवाळ्यात पेडणेकरांच्या व्हिलातून सारखी तक्रार यायची. बाथरूमचा हीटर लावला की ब्रेकर पडून घरभर अंधार, आणि तोही रोज नाही. करंट कुठे गळायला लागला की पुरवठा तोडणारा तो ब्रेकर. उन्हाळाभर इथे गच्चीवरच्या टाकीतलंच पाणी चटके देतं, त्यामुळे हीटर तोवर बंद होता. आम्ही अकराला पोहोचायचो, तर सगळं ठणठणीत. दोन हीटर बदलून झाले. शेवटी सुपरवायझरनं पेडणेकरवहिनींनाच बोल लावला, ओल्या हातानं बटण दाबता म्हणून. आम्हाला म्हणाला, "ब्रेकर बायपास करो. यल्ला, खलास." म्हणजे ब्रेकर वगळून वायर थेट जोडायची.

"उस बाथरूम में बच्चे नहाते हैं," इकबालभाई म्हणाले. "मैं नहीं करूंगा. चाहे तो लिख के दो, फिर भी नहीं."

मी मात्र मान खाली घालून पान्हे पुसत होतो.

त्यांनी ब्रेकरशेजारी कॅलेंडरचं पान चिकटवलं आणि वहिनींना सांगितलं, "पडला की वेळ लिहा, बाहेर हवा कशी तेही लिहा." वहिनी शाळेत शिकवायच्या, त्यामुळे नोंद चोख. तीन आठवड्यांत आठ वेळा पडला, आठही वेळा सकाळी सातच्या आत, आणि प्रत्येक नोंदीपुढे एकच शब्द, धुकं. मग एका शुक्रवारी, सुट्टी असून, आम्ही धुक्यातच त्यांची गच्ची गाठली. इकबालभाईंनी हीटरची वायर तुकड्यातुकड्यानं सुटी केली, मीटर लावून तपासत गेले आणि कठड्यापाशी थांबले. तिथे टीव्हीची डिश होती. डिशचा एक स्क्रू भिंतीतल्या वायरिंगच्या पाइपात घुसून थेट वायरला टेकला होता. दव पडलं की करंट तिथून गळायचा, ऊन आलं की भिंत सुकायची.

ती डिश उन्हाळ्याआधी इकबालभाईंनीच बसवून दिली होती, वहिनींना देशी चॅनल दिसावेत म्हणून, फुकट. कंपनीचा नियम मात्र साफ होता. बाहेरचं काम केलं की व्हिसा कॅन्सल.

मी म्हटलं, "भाई, स्क्रू काढा, वायर बदला आणि गप्प बसा. कुणाला कळणार?"

"वहिनीला कळायला नको? तिच्या हाताला नावं ठेवली ना लोकांनी! अरे, पोरांना आंघोळ घालायला घाबरते ती बाई," ते म्हणाले.

वायर बदलून त्यांनी जिन्यातून वहिनींना हाक मारली आणि स्क्रू त्यांच्या हातावर ठेवून सगळं सांगितलं. वहिनी रडल्या. दुसऱ्या दिवशी तेच इकबालभाईंनी सुपरवायझरला सांगितलं, त्याच स्वरात. पंधरा दिवसांत ते विमानात बसले. दापोलीत त्यांनी मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं, ते कधी फार चाललं नाही. मी सुट्टीत गावी गेलो आणि भेटले की हसून शारजाच्या ट्रॅफिकची चौकशी करायचे. मी त्यांच्या नजरेला नजर देत नसे...

परवा इथे त्यांच्यासाठी सगळे जमले. कुणीतरी पुन्हा सुरू केलं, "बिचारा! स्क्रूपायी..." मी उठलो. म्हटलं, बिचारा म्हणायचं नाही त्यांना. डिश बसवली त्या दिवशी इकबालभाई खाली वहिनींच्या टीव्हीपाशी होते. गच्चीवर ड्रिल माझ्या हातात होतं. ते भोक मी पाडलं. सुपरवायझरनं मला समोर उभं करून त्यांना विचारलं होतं, "साथ में कौन था?"

इकबालभाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "कोई नहीं. मैं अकेला था."