पाच घरांची फिल्म

झाग्रेबचे शिकलेले लोक आता आमच्या लुयोला आद्य चित्रपटकार म्हणतात. तेव्हा बेटावर सगळे त्याला वेडा म्हणत, आणि सख्खी थोरली बहीण असून मीही म्हणायचे. बापाचा द्राक्षमळा विकून त्यानं ट्रिएस्टहून कॅमेरा आणला, तेव्हा आईनं आठवडाभर अबोला धरला होता.

१९११च्या मे महिन्यात सार्डिन मासे पकडायला निघालेल्या नावा त्यानं धक्क्यावरून टिपल्या. चौथ्या दिवशी वादळात त्यातली एक बुडाली. पाच माणसं गेली, एकाचंही प्रेत मिळालं नाही. गरिबाघरी फोटो कुठले! ट्रिएस्टहून फिल्म धुऊन आली तेव्हा लुयो म्हणाला, "ताई, त्यांची तोंडं आता फक्त यात आहेत. गावाच्या आधी, आपल्याही आधी, त्यांच्या घरच्यांनी बघायची."

पण सुतकातली बाई आमच्यात तीन वर्षं करमणुकीच्या जागी पाऊल टाकत नाही. सिनेमाला गेली तर गाव तोंडात शेण घालतं. म्हणून लुयोनं फिल्म दाखवायचं यंत्रच घरोघर न्यायचं ठरवलं. पहिलं घर पेरिनाचं. भर दुपारी खिडक्या लावल्या, भिंतीवर चादर टांगली, कार्बाइडचा दिवा पेटवला आणि लुयो हँडल फिरवू लागला.

चादरीवर नाव आली. वल्ही मारणारे किनाऱ्याकडे तोंड करून बसलेले.

"वित्स्को!" पेरिना ओरडली. "अगं बाई, माझा नवरा! लुयो, थांबव रे, नीट बघू दे!"

"थांबवता येत नाही, वहिनी. दिव्याच्या आचेनं फिल्म पेट घेते."

"एवढंसंच, बाबा. पाया पडते तुझ्या."

लुयोचा हात थांबला. मला अजून त्याचा राग येतो, पण त्या जागी माझाही थांबला असता. वित्स्कोच्या कपाळावर तपकिरी डाग उठला, पसरला, आणि चादरीवर नुसता उजेड उरला. मग यंत्रातून जाळ निघाला. मी बादलीभर पाणी ओतलं, पण असली फिल्म पाण्यानं विझत नाही. सगळी जळली.

पेरिना रडली नाही. "दुसऱ्यांदा गेला," एवढंच म्हणाली.

बाकीच्या चार घरी चादरी टांगून झाल्या होत्या. भाजलेला हात फडक्यात गुंडाळून लुयो दारोदार सांगत फिरला, मी त्याच्या मागे. शेवटचं घर म्हाताऱ्या यॅकाकाकूचं. तिचा एकुलता एक गेला होता. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"जळली तर जळली," ती म्हणाली. "तू तर तिथंच होतास ना? मग एवढं सांग, माझा पोरगा हसत होता का रे?"

लुयो हातावरचं फडकं नीट करू लागला. शेवटी मीच म्हणाले, "हो काकू, चांगला हसत होता."

परतताना त्यानं विचारलं, "खरंच हसत होता?"

"मला काय माहीत? चादरीवर मी वित्स्कोकडेच बघत होते, आणि त्या दिवशी तर घरी जाळं विणत बसले होते. धक्क्यावर तू होतास!"

तो वाटेतच खाली बसला. "हँडल एका वेगानं फिरवायचं तर फेरे मोजावे लागतात, ताई. मी मोजत होतो. मी त्यांच्यातल्या एकाकडेही बघितलं नाही."