सुमनताई पुन्हा उभ्या

आज सकाळी चौकात ढोल वाजला आणि मी भाजी घेता घेता थांबले. शेजारच्या सुमनताई विधानसभेचा अर्ज भरायला निघाल्या होत्या. तालुक्यात बाळंतिणींसाठी धड दवाखाना नाही, म्हणून त्या दर निवडणुकीला उभ्या राहतात आणि पडतात. तरी चेहऱ्यावर लग्नघरातली लगबग!

"ताई, पुन्हा?"

"अगं, आधी लोक दार लावून घ्यायचे. आता 'बसा' म्हणतात, पाणी विचारतात!"

एकदा नकार ऐकला की आपण त्या वाटेला फिरकत नाही. आणि ही बाई त्याच दारांशी इतक्या उमेदीनं कशी जाते?

तेवढ्यात मासळीवाल्या बायका टोपल्या खाली ठेवून त्यांच्यामागे निघाल्या. मीही गर्दीत शिरले आणि जन्मात पहिल्यांदा भर रस्त्यात ओरडले, "सुमनताईंचा विजय असो!"