परुळेकर सर आणि गोराईची खाचरं

बोरिवलीच्या आमच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायला रुजू झाले, त्याच आठवड्यात विभागप्रमुख परुळेकर सरांनी मला मुलांबरोबर गोराईला नेलं. खाडी ओलांडून भातखाचरांपाशी पोचताच मी ऐटीत दुर्बीण डोळ्यांना लावली. "ती खाली ठेव गं," सर म्हणाले. "आधी पायाखाली बघ. पाणी किती आहे, बांध लिंपलाय का, औषध मारलंय का, ते विचार. पक्षी त्यानंतर." मुलांसमोर असं सुनावल्याचा मला रागच आला होता. आज सर पंचाहत्तर वर्षांचे होत असताना कबूल करते, पुढे मी मुलांना हेच शिकवत आले.

शेत लोक कसं कसतात त्यावर तिथले पक्षी टिकतात की जातात, हे सर आयुष्यभर बघत आले. खाचरात चिखल असला की बगळे आणि पाणलावे येतात. पात उंच झाली की सुगरण ती चिरून घरट्याला नेते. कापणीनंतर सांडलेल्या दाण्यांवर मुनियांचे थवे उतरतात. मुंबईच्या उपनगरांत, चारकोपपासून नाहूरपर्यंत, हे सगळं उठून जाताना सरांनी पाहिलं. एका नव्या टॉवरला पक्ष्याचं नाव दिलेलं दिसलं, तेव्हा ते म्हणाले, "आधी वाट लावायची, मग बारसं करायचं."

सर फटकळ आहेत, हे त्यांच्या सर्व स्नेह्यांना ठाऊक आहे. पण माझी आई हॉस्पिटलात होती तेव्हा माझी प्रॅक्टिकलं सरांनी कुणाला न सांगता घेतली. भेटायला आले ते थर्मासमध्ये पेज घेऊन, आणि आईशी मालवणीत गजाली करत बसले. त्या दिवसांत आई हसली ती तेवढीच.

गौरवग्रंथात चुका लिहायची रीत नाही. पण सरांनी मला बजावलंय, "ती गोष्ट गाळणार असशील तर लेखच लिहू नकोस." म्हणून लिहिते. गोराईच्या यमुनाकाकींच्या खालच्या खाचरात रंगीत पाणलावे जमिनीवरच घरटी करत. लावणीच्या धांदलीत ती मोडतात, म्हणून सरांनी काकींच्या यजमानांना गळ घातली, हा तुकडा पडीक ठेवा, पाखरांना शांतता मिळेल. त्यांना मजूर मिळत नव्हते, त्यांनी ऐकलं. आम्ही सगळे पक्षिप्रेमी खूश झालो. मग बांध लिंपायला कुणी राहिलं नाही, खेकड्यांनी भोकं पाडली, पाणी निघून गेलं आणि रान माजलं. पाणलावे आले नाहीत. पडीक जमीन शहराला रिकामी वाटते. कुणीतरी तिथे पाडकामाच्या डेब्रिजच्या गाड्या ओतल्या. त्या ढिगाकडे बघत यजमान म्हणाले, "सर, आम्ही कसत होतो म्हणून ती पाखरं होती ना."

तेव्हापासून सर प्रत्येक व्याख्यानाची सुरुवात या चुकीपासून करतात. ऐकणारे अवघडतात, पण सर थांबत नाहीत. यजमान पुढे वारले. आता काकींचं वरचं एकच खाचर उरलंय, आणि पाणलावा अजून तिथे येतो. सर दर पावसाळ्यात काकींबरोबर लावणीला उतरतात. घरटं दिसलं की भोवतीची जागा तशीच सोडून दोघं पुढे सरकतात. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतरही सरांनी हे सोडलेलं नाही.

काकींची मुलं नोकऱ्या करतात, त्यांना जमीन विकायची आहे. त्यांना दोष कोण देणार? यंदा लावणी आटोपल्यावर बांधावर बसून काकी सरांसमोरच मला म्हणाल्या, "हे सर येतात तोवर मी लावणार. ते यायचे थांबले की पोरांना सही देऊन टाकणार. एकटीच्यानं होत नाही बाई." सर पायांवरचा चिखल धूत राहिले. डॉक्टरांनी त्यांना चिखलात उतरायची मनाई केली आहे, हे मला माहीत होतं. मी दुर्बीण पुसायला घेतली.

अशा प्रसंगी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. मी ते भीतीपोटी चिंतते आहे. सर, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, तुमचे गुडघे धड राहोत, आणि दर आषाढात तुम्ही त्या खाचरात उभे दिसावेत. आम्ही तुमचे शेकडो विद्यार्थी आहोत, सगळ्यांकडे उत्तम दुर्बिणी आहेत, आणि तुमच्या जागी चिखलात उतरेन असं आमच्यातल्या एकानंही अजून म्हटलेलं नाही.