चौथी चौकट

“बॅग भर म्हणलं ना! कुणी बघून राहिलंय असल्या खोलीत बसून डॉक्टर व्हायचं न्हाई आपल्याला!”

लातूरच्या त्या भाड्याच्या खोलीत दाजी ओरडत होते, भाची मंजू रडत होती आणि मी, म्हणजे खास नांदेडहून बोलावलेला मामा, शांतपणे चहा पीत होतो. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. माझी चाहूल लागली तरी मेलेला कॉम्प्युटर उठून बसतो... भुताची काय बिशाद.

भानगड अशी, की मंजू क्लासवरून आली की घटकाभर एक गेम खेळायची. तो उघडला की लॅपटॉपच्या कॅमेऱ्याचा दिवा आपोआप लागायचा. गेममधल्या बाहुलीला आपला चेहरा लावायची सोय होती, पण मंजूनं ती कधी चालूच केली नव्हती.

मी गेमची कॅमेऱ्याची परवानगी काढून घेतली. दिवा चालूच. गेम उडवून नव्यानं टाकला. तरी चालूच.

“लई मोठे इंजिनिअर,” दाजी म्हणाले. “दिवा इझंना.”

शेवटी म्हटलं, याला दिसतंय तरी काय? ती चेहऱ्याची सोयच उघडली. पडद्यावर आमची खोली. सापडेल त्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट. एक माझी, एक मंजूची, एक दारातल्या दाजींची. आणि चौथी... दाजींच्या कमरेजवळ. तिथं कुणीच नव्हतं.

“दाजी, जरा सरका.”

ते सरकले. चौकटही सरकली.

“मामा, मागचं कॅलेंडर असेल,” मंजू म्हणाली. कॅलेंडर काढलं, भिंतीवर चादर लावली. चौकट आपली तशीच.

“हे काय दाखवून राहिलंय, पाव्हणं?”

“चेहरा वाटला की चौकट काढतं. चुकतं कधीकधी.”

दाजी किल्लारीचे. भूकंपात त्यांची चार-पाच वर्षांची धाकटी बहीण गेली. घर असं बसलं की तिचा एक फोटोसुद्धा हाती लागला नाही. हे माझ्या ताईनं सांगितलेलं, ते स्वतः कधी बोलले नाहीत. पडद्याकडे बघत बघत ते खाली बसले. चौकट आता त्यांच्या खांद्याला खांदा लावून होती.

मग दाजींनी मंजूची बॅग उघडली आणि पुस्तकं एकेक करून परत फळीवर लावली.

हा किस्सा मी गावभर सांगितलाय, दरवेळी थोडा मसाला घालून. चौकटीला मात्र हात लावत नाही. जाणकारांना विचारलं, प्रत्येकाचं कारण वेगळं, पटलं एकही नाही.

निघताना मी स्क्रूड्रायव्हर काढला. “दाजी, कॅमेऱ्याची वायरच काढून टाकू का? कटकट मिटेल.”

“राहू दे,” ते म्हणाले. “लहान हाय ती.”