बागेच्या कर्जाला जमानतदार कोण?

मंडळी, आज सकाळी आमच्या लेआउटमधल्या घरमालकांची मीटिंग झाली. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहितोय.

विषय होता मधल्या मोकळ्या जागेत बाग करण्याचा. लॉन, कारंजं, बाकं. सोसायटीकडे पैसे नाहीत, म्हणून पतसंस्थेकडून कर्ज काढायचं, असं अध्यक्ष देशमुखभाऊंनी मांडलं.

माझ्या शेजारच्या मेश्रामकाकू उठल्या. "नळ दिवसाआड येते. लॉनले पाणी कोठून आणसान? आधी तिथलं गाजरगवत तं काढा!"

"तुम्हाले सगळ्यातच खोट दिसते!" मागून कोणीतरी ओरडलं. मग नुसता गोंधळ. मीही आवाज चढवला, "कर्ज घ्यायले भेता काऊन, काकू? दुसऱ्या लेआउटवाल्यांनी केली ना बाग!"

शेवटी हात वर करायला सांगितलं. काकू सोडून सगळ्यांचे हात वर. माझा सगळ्यात आधी.

देशमुखभाऊंनी खुशीत फॉर्म काढला. "दोन जमानतदार पाहिजेत. कोण सही करते?"

एकदम कोणाला फोन आला, कोणाला दुकान उघडायचं आठवलं. मी मान खाली घालून चपला शोधू लागलो. त्या समोरच होत्या.

काकूंनी माझ्याकडे फक्त बघितलं.

आत्ता खिडकीतून दिसतंय, काकू हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून एकट्याच गाजरगवत उपटून राहिल्या आहेत. मी अर्ध्या तासापासून पडद्याआडून बघतोय.

खरं सांगा, आता कोणत्या तोंडानं खाली जाऊ?