नर सापडला तेव्हा

आमच्या ह्यांचं आयुष्य संग्रहालयाच्या मागच्या खोलीत कोळी ओळखण्यात गेलं. वाळवंटातल्या एका नव्या जातीची मादी नऊ वर्षं बाटलीत पडून होती. आठ डोळ्यांची मांडणी, पायांवरचे केस, सगळं लिहून झालं. पण नराच्या तोंडापाशी बोंडांसारखे दोन छोटे हात असतात, ते पाहिल्याशिवाय जात पक्की होईना. शेवटी तिकडे ट्रक चालवणाऱ्या माझ्या भावाला जिवंत नर सापडला. त्या शहाण्याने सोबत म्हणून डबीत मादीही घातली! ह्यांनी डबी उघडली. आत टम्म फुगलेली मादी, आणि तळाशी नराचे तीन पाय.

तेवढ्यात भावाचा फोन आला. "दाजी, पोचला ना जोडा सुखरूप?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "पोचला."