‘तेच’ औषध

‘तेच आहे’ म्हणणारा माणूस नेहमी टाकीपासून लांबच का उभा असतो?

आमच्या कारखान्यात पोलादाचा गंज आम्लात बुडवून काढतात. पोलाद झिजू नये म्हणून आम्लात एक औषध घालतात. जुन्या औषधाचे सपाट रेणू पोलादावर चटईसारखे पसरायचे. आता त्याऐवजी नवं औषध आलंय. त्यात अणू तेच आणि तेवढेच आहेत, पण रेणू वाकडा आहे. त्यामुळे फटी राहतात, आम्ल आत शिरून पोलाद खातं आणि वायूचे बुडबुडे उठतात.

“तेच आहे, शेवंताबाई,” दारातूनच सुपरवायझर म्हणाले.

“मग टाकी का फसफसतेय? वाफ तुमच्या छातीत जाते की माझ्या?” टाकीवरच्या शेवंताबाई खोकत म्हणाल्या.

कागदावर जुळलेलं रासायनिक सूत्र पाहिलं की मला आता संशयच येतो. कागद खोकत नाही. औषधाचं नवं पिंप उतरवून घेण्याआधी पोलादाचा तुकडा तुमच्यासमोर ते औषध घातलेल्या आम्लात बुडवायला लावा, आणि बुडबुडे स्वतः पाहा.